लहान मुलांना थेरपी टेप लावताना

मी लहान मुलांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. पालक इलॅस्टिक टेपचा रोल घेऊन येतात आणि विचारतात, ‘ही कुठे लावायची?’ मी त्यांना उलट विचारते, ‘ही लावून मुलाला काय करता यायला हवं?’ ‘हात सुधारायला हवा’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. पेला धरताना अंगठा मुठीत अडकू नये, जमिनीवर बसून दोन्ही हातांनी ठोकळे रचता यावेत, चालताना टाच टेकावी, असं डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं. ते एकदा ठरलं की टेप कुठे, केवढी आणि किती वेळ, यातलं निम्मं आपोआप ठरतं.

ज्यांच्या मुलाला थेरपिस्टनं तपासलंय, टेप सुचवलीय आणि घरी लावायला शिकवलंय, अशा पालकांसाठी हे लिहितेय. मुलांमध्ये नव्यानं काम करू लागलेल्या थेरपिस्टनाही उपयोग होईल. तपासणीशिवाय मात्र टेपला हात लावू नका. मिटलेली मूठ बाहेरून एकसारखीच दिसते, पण एका मुलात ती स्नायूंच्या कडकपणामुळे असते, दुसऱ्यात उघडणारे स्नायू दुबळे असतात म्हणून, आणि तिसऱ्यात सांधाच आखडलेला असतो. तिसऱ्या मुलाला टेपचा काडीचाही फायदा नाही. त्याला वेगळे उपचार लागतात आणि टेपच्या नादात त्यांना उशीर होतो.

टेप काय करते आणि काय करत नाही

ही टेप 1970च्या दशकात जपानमध्ये केन्झो कासे या कायरोप्रॅक्टरनं, म्हणजे मणक्यांवर आणि सांध्यांवर हातांनी उपचार करणाऱ्या तज्ज्ञानं, विकसित केली. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर आणि गुडघ्यांवर ती जगाला दिसली आणि तिच्याबद्दलचे दावे तिच्यापेक्षाही जास्त ताणले गेले. तिच्यात औषध नसतं. बहुतेक टेप सुती कापडाच्या असतात, आत लवचीक धागे, मागे अॅक्रिलिकचा डिंक. ती लांबीच्या दिशेनं ताणली जाते, रुंदीच्या दिशेनं नाही. खेळाडू घोट्याला गुंडाळतात ती पांढरी, न ताणणारी टेप वेगळी. तिचं काम सांधा जखडून ठेवण्याचं, आणि ती इथे चालत नाही.

त्वचेवर सतत राहणारा हलका स्पर्श आणि बारीकशी ओढ, एवढंच या टेपकडे देण्यासारखं असतं. मेंदूला त्या भागाची जाणीव जास्त मिळते, हालचाल एका दिशेला थोडी सोपी होते. सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं हालचालींत येणारी अडचण) असलेल्या मुलांवर बरेच अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. ज्या मुलांचा त्रास सौम्य आहे, जी स्वतः चालतात, हात वापरतात, त्यांच्यात फायदा जास्त दिसतो. तोही व्यायामाच्या आणि सरावाच्या जोडीला टेप असेल तेव्हा. आखडलेला स्नायू ती लांब करत नाही. स्प्लिंटचं, म्हणजे सांधा ठरावीक स्थितीत धरून ठेवणाऱ्या कडक आधाराचं, काम करत नाही. ताकद वाढवत नाही. हे मी पालकांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण आशा चुकीच्या जागी ठेवली की सराव मागे पडतो.

स्नायूच्या सुरुवातीकडून शेवटाकडे टेप लावली तर स्नायू जागा होतो आणि उलट लावली तर शांत होतो, असं प्रशिक्षणात शिकवतात. या दिशेच्या नियमाला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. मी दिशा पाळते, पण टेप लावल्यावर मूल ते काम कसं करतं यावरच निर्णय घेते.

आधी त्वचा

लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची तर फारच नाजूक. त्यांच्या अंगावरची कोणतीही चिकट गोष्ट वरचा थर घेऊन निघू शकते. म्हणून पहिल्या दिवशी मी उपचाराची टेप लावतच नाही. दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन, कोपरे गोल केलेले, अजिबात न ताणता पोटावर किंवा मांडीवर लावते. चोवीस तासांनी तो काढायचा आणि पुढचे दोन दिवस ती जागा बघत राहायची. डिंकाची अॅलर्जी बऱ्याचदा उशिरा उठते. टेप काढली तेव्हा काही नव्हतं म्हणून निर्धास्त होऊ नका. फिकट गुलाबी खूण अर्ध्या तासात गेली तर चालेल. लाल चट्टा, पुरळ, खाज किंवा फोड आला तर ती टेप त्या मुलासाठी नाही. सौम्य डिंकाच्या टेप मिळतात, थेरपिस्टला विचारा आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून करा.

जखम, एक्झिमा, जंतुसंसर्ग, उन्हानं भाजलेली कातडी, ताजा व्रण, यांच्यावर टेप नको. अंगाला लगेच फोड येणारा त्वचेचा आनुवंशिक आजार असेल तर मुळीच नको. स्टेरॉइडचं मलम बरेच दिवस लावलेली त्वचाही पातळ झालेली असते. कॅन्सरच्या गाठीवर किंवा रक्ताची गुठळी झालेल्या पायावर टेप लावत नाहीत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. डोक्यातलं पाणी पोटात वळवणारी शंटची नळी मानेवरून आणि छातीवरून त्वचेखाली जाते, तिच्यावर टेप नको. पोटात आहाराची नळी असेल तर तिच्या आसपासही नको.

स्पायना बिफिडा (जन्मतः कणा नीट न मिटलेला) असलेल्या मुलांची दोन कारणांनी वेगळी काळजी घ्या. त्यांच्यात लॅटेक्सची अॅलर्जी खूप आढळते, म्हणून वेष्टनावर ‘लॅटेक्स नाही’ असं लिहिलेलं स्वतः वाचा. दुसरं म्हणजे पायांना संवेदना कमी असेल तर टेप टोचतेय, खाजतेय हे मुलाला कळतच नाही. जन्माच्या वेळी खांद्याच्या नसांना इजा झालेल्या बाळांच्या हाताचंही तसंच. जिथे जाणीव नाही तिथे घरी टेप लावू नका.

कापणं आणि ताणणं

रोल साधारणपणे 5 सेंटिमीटर रुंद असतो. लहान हातासाठी तो फार मोठा आहे. उभा कापून अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या करा. कोपरे गोल करा, कारण टोकदार कोपरा बाहीत अडकून सुटतो आणि सुटलेलं टोक दिसलं की मुलाची बोटं तिकडेच जातात. कात्री टेपसाठी वेगळी ठेवा. डिंक लागून तिची धार लवकर जाते.

सगळ्यात जास्त गोंधळ ताणाचा होतो. 10 सेंटिमीटरची पट्टी पूर्ण ताणली तर साधारण 14 ते 16 सेंटिमीटर होते, म्हणजे तिच्याकडे ताणायला सुमारे 5 सेंटिमीटर आहेत. ‘पाव ताण’ म्हणजे त्या पाचांचा पाव भाग: 10ची पट्टी सव्वाअकरापर्यंत, त्यापुढे नाही. हे ऐकून पालकांना ‘इतकंच?’ असं वाटतं. हो, इतकंच. शिवाय कागदावर असतानाच टेप दहा टक्क्यांच्या आसपास ताणलेली असते, त्यामुळे कागद काढत काढत नुसती टेकवत गेलात तरी थोडा ताण मिळतोच. मुलांमध्ये बहुतेक वेळा मी तेवढ्यावरच भागवते. या ताणाचा सराव टेबलावर टेपच्या पट्टीशेजारी मोजपट्टी ठेवून करा. बोटांना पाव ताण ओळखता आला की मग मुलाकडे वळा. अर्ध्याहून जास्त ताण घरी कधीच नको. फोड येतात ते बहुतेक जास्त ताणामुळेच.

दोन्ही टोकं मात्र बिनताण. पहिले दोन-तीन सेंटिमीटर नुसते ठेवायचे, शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर नुसते ठेवायचे, ताण फक्त मधे. यासाठी कागद टोकापासून न काढता दोन-तीन सेंटिमीटरवर हलकेच फाडा, तेवढाच भाग उघडा, टोक चिकटवा, मग पुढचा कागद सोडत जा. डिंकाच्या बाजूला बोटं लावू नका. लावून झाल्यावर तळव्यानं हळू घासा. उबेनं डिंक पक्का धरतो. केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करू नका.

अंगाला तेल, क्रीम, पावडर काही नको. साबणानं धुवा, पूर्ण कोरडं करा. त्यानंतर अर्धा तास पाण्यात किंवा घामाघूम खेळात जाऊ देऊ नका.

मूल तयार आहे का, हेही बघा. मी आधी बाहुलीला लावते, मग आईला किंवा बाबांना, मग मुलाला त्याच्याच हातानं माझ्या मनगटावर लावायला देते. रंगानं उपचारात काही फरक पडत नाही, म्हणून रंग निवडायचा हक्क पूर्णपणे त्याचा. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलांना, विशेषतः ऑटिझम असलेल्यांना, पहिल्या आठवड्यात नखाएवढा तुकडा पुरे. ‘काढ’ म्हटल्यावर मी काढते. ज्या मुलाला आपलं ऐकलं जातं हे कळलंय, ते पुढच्या वेळी हात स्वतः पुढे करतं.

मनगट आणि अंगठा

सर्वात जास्त टेप मी इथेच लावते. एका बाजूची सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीचं काम आम्ही ठरवलं होतं: डाव्या हातात डिंकाची कांडी धरायची आणि उजव्या हातानं झाकण काढायचं. तिचं डावं मनगट खाली पडायचं. मनगट खाली पडलं की बोटांची पकड सैल होते, तुम्ही स्वतः करून बघा. त्यामुळे झाकण ओढलं की कांडीच हातातून निसटायची. टेप लावायची ती मनगट थोडं वर राहावं म्हणून.

मनगटासाठी पट्टी बोटांच्या मुळापासून कोपराच्या थोडं अलीकडेपर्यंत मोजा, वर तळव्यासाठी तीन सेंटिमीटर धरा. लहान हाताला तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंदी पुरते. एका टोकापासून तीन सेंटिमीटरवर पट्टी आडवी दुमडा आणि दुमडीवर दोन छोटे अर्धगोल कापा. उघडलं की शेजारी शेजारी दोन भोकं दिसतील. त्यातून मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका घाला. भोकं बोटांच्या मुळाशी ऐसपैस बसायला हवीत. घट्ट वाटली तर दुसरी पट्टी कापा. आखूड टोक तळव्यावर बिनताण चिकटवा. आता हात टेबलावर ठेवून मनगट सहज झुकेल तेवढंच खाली झुकवा आणि लांब भाग हाताच्या मागच्या बाजूनं कोपराकडे, जास्तीत जास्त पाव ताणानं टेकवत न्या. शेवटचे तीन सेंटिमीटर बिनताण. मनगट सरळ केल्यावर टेपवर बारीक लाटा दिसतात. दिसायलाच हव्यात; लाटा नसतील आणि टेप ताठ असेल तर ताण जास्त झालाय.

अंगठ्याला दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी पुरे. टोक अंगठ्याच्या पाठीवर, अंगठा जितका सहज बाहेर येतो तितकाच बाहेर धरून. मग पट्टी अंगठ्याच्या बाहेरच्या कडेनं, मनगटावरून, हाताच्या मागच्या बाजूला मध्यापर्यंत न्या. अंगठ्याला टेपचा पूर्ण वेढा कधीही घालू नका. इथे एक गोष्ट नीट बघा. अंगठा बुंध्यातून उघडायला हवा. काही मुलांचा मधला सांधा सैल असतो, मग टेपनं तोच मागे वाकतो आणि बुंधा मुठीतच राहतो. लांबून अंगठा उघडलेला वाटतो, पण सैल सांधा आणखी सैल होत असतो. असं दिसलं तर टोक त्या सांध्याच्या खाली, बुंध्याच्या हाडावर घ्या. तरीही सांधा मागे वाकत असेल तर टेप सोडा आणि स्प्लिंटबद्दल बोला.

लावून झाल्यावर नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं गार, निळसर किंवा सुजलेली वाटली तर लगेच काढा. मनगट आणि अंगठा दोन्हींना टेप लागणार असेल तर आधी एकाच जागेपासून सुरुवात करा, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

त्या मुलीला आम्ही शाळेत हस्तकलेचा तास असेल त्याच दिवशी टेप लावायचो. काही आठवड्यांनी टेप नसतानाही ती कांडी धरू लागली. टेपनं तिला सुरुवात करून दिली असं मी मानते. पकड तिनं स्वतः, रोज चिकटकाम करून कमावली.

बसण्यासाठी पाठ

डाउन सिंड्रोममध्ये किंवा एरवी अंग सैल असलेलं मूल बसल्यावर पाठीत गोल होतं. अर्ध्या रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. मूल छोट्या स्टुलावर, पाय जमिनीवर टेकलेले. डायपरच्या कडेच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना, हाडावर न येता टोकं बिनताण चिकटवा. मग समोर जमिनीवर आवडीचं खेळणं ठेवा. मूल वाकून ते घेईल तेवढ्यात पट्ट्या खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकापर्यंत टेकवत न्या, जादा ताण न देता. दोन माणसं लागतात. मग लगेच खेळ सुरू: ठोकळे छातीच्या उंचीवर धरा, म्हणजे वर बघावं लागेल.

पोटावर तिरक्या पट्ट्याही लावतात. श्वास घेताना आणि जेवल्यावर पोट फुगायला जागा लागते, त्यामुळे ते थेरपिस्टच्याच हातून होऊ द्या. मान एका बाजूला कललेल्या बाळांना मानेवर लावायची टेपही तशीच. तिथे महत्त्वाच्या रक्तवाहिन्या आहेत, आणि मान कलण्याचं कारण स्नायूच आहे, मणके किंवा नजर नाही, हे आधी डॉक्टरांनी पाहिलेलं असायला हवं. लाळ गळण्यासाठी हनुवटीखाली छोटा तुकडा लावतात. सुटला तर तो तोंडात जाऊन घशात अडकू शकतो, म्हणून झोपेत नाही आणि नजरेआड नाही.

अंगावर असताना

पहिल्यांदा काही तासच ठेवा. त्वचेनं मानलं तर एक दिवस, पुढे जास्तीत जास्त तीन. मोठ्यांना पाच दिवस सांगतात, ते लहानांना लावू नका. मधे किमान एक दिवस त्वचा मोकळी. टेप ओली झाली तर टॉवेलनं टिपा, घासू नका. कडा सुटल्या तर तेवढ्याच कापा. सुटलेला भाग पुन्हा दाबून चिकटवला तर तो त्वचा ओढतो.

बोलू न शकणाऱ्या मुलांकडे जास्त लक्ष द्या. बाही सारखी ओढणं, तो हात अंगाखाली दाबून ठेवणं, झोप मोडणं, एरवी वापरत असलेला हात अचानक न वापरणं, हे त्यांचं ‘मला त्रास होतोय’. कारण शोधत बसू नका, आधी टेप काढा.

आणि टेप अंगावर असताना ठरवलेलं काम करून घ्या. झोपायच्या आधी लावून सकाळी काढली तर तिचा उपयोग शून्य. टेप लावण्याआधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा: तीच खुर्ची, तोच पेला. लावल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एक. दोन्ही शेजारी शेजारी बघा. डोळ्यांना फरक दिसत नसेल, तर बहुधा फरक नाही.

काढणं

सगळी काळजी इथे वाया जाऊ शकते. झटक्यात ओढून काढली की मुलाला तेच लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी रोल दिसताच रडू सुरू होतं. त्वचा सोलली जाते ती वेगळीच.

त्वचेला चालणारं कुठलंही साधं तेल टेपवर भरपूर लावा आणि दहा मिनिटं गोष्ट सांगा. कापडातून तेल डिंकापर्यंत पोचू द्या. केस ज्या दिशेला झुकतात त्या दिशेनं, वरच्या टोकापासून सुरू करा. टेप वर उचलायची नाही. तिची कडा स्वतःवरच दुमडून त्वचेला जवळजवळ समांतर ठेवा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा टेपपासून मागे दाबत जा. अडली तर पुन्हा तेल. स्पिरिट किंवा झोंबणारी द्रव्यं मुलांना वापरू नका. शेवटचा इंचभर मी मुलालाच काढू देते. मग धुवा, उजेडात बघा, रात्री साधं मॉइश्चरायझर लावा. नवी टेप लावायच्या दिवशी मात्र मॉइश्चरायझर नको.

एका वहीत तारीख, जागा, किती तास राहिली, त्वचा कशी होती आणि ठरवलेलं काम कसं झालं, एवढं लिहा आणि ती वही दर भेटीला घेऊन या. तीन-चार आठवडे नियमित वापरूनही व्हिडिओत काही बदललं नसेल तर मी टेप थांबवते आणि पुन्हा तपासते. बदललं असेल तर टेपचे दिवस एकेक करून कमी करते: आधी आठवड्यातून एक दिवस टेपशिवाय तेच काम, मग दोन. बिनटेपच्या दिवशी काम तितकंच चांगलं होऊ लागलं की उरलेला रोल कोरड्या जागी ठेवून द्या.